झोपडपट्टी फुटबॉलची पंचवीस वर्षे : क्रीडा विकास संस्था, नागपूर

पूर्वपीठिका

क्रीडा विकास संस्थेने नागपुरात फुटबॉल आणला, असे एखाद्या सत्कार समारंभात कुणी बोलून गेले की कामठीकरांना हसू येते. कामठीला इंग्रजांची छावणी वसली 1821 साली आणि गोऱ्या पलटणींच्या मागोमाग पुढे हा खेळही कन्हानच्या काठी आला. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या संघांनी तो जोपासला, नागपूर शहरातही लीगचे सामने रंगत आले. खेळ होता, खेळाडू होते, कडेला उभे राहून आरडाओरडा करणारे प्रेक्षकही होते. ज्या पोराला क्लब विचारत नाही, शाळेच्या पटावरून ज्याचे नाव कमी झाले आहे आणि पोलीस चौकीत मात्र ज्याला नावानिशी ओळखतात, त्याच्यासाठी मैदानाचा कोपरा तेवढा कुठे नव्हता.

अशी पोरे शहरात थोडीथोडकी नव्हती. 2011च्या जनगणनेनुसार नागपूरच्या लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा झोपडपट्टीत राहत होता. या वस्त्या एका रात्रीत उभ्या राहिल्या नाहीत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, मग मॉडेल मिल आली, रेल्वे वाढली आणि विदर्भातून, छत्तीसगडातून माणसे कामाला येत राहिली. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या या वस्त्यांना एकविसाव्या शतकाच्या तोंडावर भोंगाच ऐकू येईनासा झाला. एम्प्रेस मिलला 2002मध्ये कायमचे टाळे लागले. बाप घरी बसला, आई चार घरची धुणीभांडी करू लागली आणि पोरगा भंगार वेचण्यापासून सट्टापट्टीच्या चिठ्ठ्या पोचवण्यापर्यंत जे हाताला लागेल ते करू लागला. सायकलच्या दुकानातले पंक्चरचे सोल्यूशन आणि स्टेशनरीच्या दुकानातले व्हाइटनर रुमालावर ओतून हुंगणे ही त्या पिढीची सर्वांत स्वस्त नशा होती.

बालन्यायाचा नवा कायदा 1 एप्रिल 2001 पासून अमलात आला, तो याच सुमारास. मुलग्यांसाठीची वयोमर्यादा त्याने सोळावरून अठरावर नेली आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जड पण सभ्य शब्द मराठी सरकारी कागदांत रुळला. कायदा चांगलाच होता. पण निरीक्षणगृह, बाल न्याय मंडळ, परिवीक्षा अधिकारी ही सगळी व्यवस्था मूल पकडले गेल्यानंतर हलणार. शाळा सुटल्यापासून, किंवा शाळा नसेल तर दुपारपासूनच, अंधार पडेपर्यंतचे जे चार तास असतात, त्यांचे काय करायचे, याबद्दल कायद्याच्या पुस्तकात फारसे काही नव्हते. संस्थेचे काम सुरू झाले ते त्या चार तासांत.

2001 ते 2010 : स्पर्धेपासून विश्वचषकापर्यंत

संस्थेचे संस्थापक विजय बारसे त्या वेळी हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होते. 1883 साली सुरू झालेले हे महाविद्यालय शहराच्या जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक आणि तिथली नोकरी प्रतिष्ठेची. 2001च्या पावसाळ्यात एका दुपारी पावसाची सर आली म्हणून ते झाडाखाली थांबले. समोरच्या चिखलात वस्तीतली काही मुले एक फुटकी बादली लाथाडत होती आणि त्या लाथाडण्याला गोल होता, बाजू होत्या, भांडणेही होती. ही हकिगत आता इतक्या वेळा सांगून झाली आहे की सांगणाऱ्यागणिक बादलीचा रंग बदलतो. बारसेसरांनी त्या मुलांना चेंडू दिला, हे तर खरेच. माझ्या मते महत्त्वाचे आहे ते त्यांनी नंतर केलेले निरीक्षण. चेंडू पायाशी असेपर्यंत ही मुले दुसरीकडे फिरकत नाहीत, शिवीगाळ कमी होते, खिशातली पुडी खिशातच राहते. ही मुले चांगली खेळतात की नाही, याची पंचाईत त्यांनी केली नाही. उभी हयात खेळाडू निवडण्यात गेलेल्या शिक्षकाला निवड बाजूला ठेवणे किती जड गेले असेल, हे क्रीडा क्षेत्रातल्या माणसाला सांगायला नको.

2002 साली ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या नावाने शहरातल्या वस्त्यांसाठी स्पर्धा जाहीर झाली आणि 128 संघ आले. हा आकडा आज कागदावर सहज वाचून पुढे जाता येते, पण ज्याने कधी एखादी गल्ली क्रिकेटची स्पर्धाही भरवली असेल त्याने जरा थांबावे. 128 संघ बाद पद्धतीने खेळवायचे म्हटले तरी 127 सामने होतात. तेवढ्या सामन्यांना शिट्टी हवी, चुना हवा, पंच हवेत, पिण्याचे पाणी हवे आणि हरलेल्या संघाला समजावून घरी पाठवणारा कुणी तरी खमक्या माणूस हवा. प्रवेशाची मुख्य अट एकच, खेळाडू वस्तीतला हवा. बूट, गणवेश यांची अट घालणे म्हणजे स्पर्धाच न भरवणे. त्यामुळे बहुतेक जण अनवाणी, अंगावर होत्या त्या कपड्यांत खेळले.

टिंगलही झाली. ‘कॉलेजात शिकवतात अन् झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांच्या मागं फिरतात’, हा त्या काळचा ठरलेला शेरा. पैशांची ददात होतीच. पहिल्या काही वर्षांचा खर्च पदरमोड करूनच भागला आणि ती पदरमोड एका घरापुरती नव्हती. मित्रमंडळींनी दिले, जुन्या खेळाडूंनी दिले, ज्यांना देता आले नाही त्यांनी उन्हात उभे राहून रेषा आखल्या. संस्थांच्या इतिहासात देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात आणि रेषा आखणाऱ्यांची चुन्याबरोबर पुसली जातात. या लेखात कार्यकर्त्यांची यादी दिलेली नाही, ती एवढ्याचसाठी, की कोणतीही यादी अपुरीच ठरेल.

शहरातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशी वाढ पुढच्या काही वर्षांत झाली. बारसेसर निवृत्त झाले तेव्हा हाती आलेला पैसा त्यांनी शहराबाहेर जमीन घेण्यात घातला, मुलांना हक्काचे मैदान असावे म्हणून. घरातल्यांनी त्याला विरोध केला नाही, एवढेच नव्हे, तर घरच कामाला लागले. चिरंजीव अभिजित त्या वेळी अमेरिकेत होते. वडिलांच्या स्पर्धेची बातमी त्यांनी तिकडे ‘द हिंदू’मध्ये वाचली आणि ते परत आले. वडिलांकडे माणसे जोडण्याची हातोटी होती, मुलाने कामाला हिशेब, आराखडा आणि जगाशी पत्रव्यवहार यांची जोड दिली. ‘स्लम सॉकर’ हे या कामाचे नाव जगभर झाले ते यानंतर. इतक्या वर्षांत कार्यकर्त्यांत मतभेद झाले नसतील असे कोण म्हणेल? ते कुठल्या संस्थेत होत नाहीत! रौप्यमहोत्सवाच्या अंकात त्यांचा पाढा वाचण्याचे कारण नाही.

याच काळात युरोपात एक वेगळाच विश्वचषक आकाराला आला होता. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅरल्ड श्मीट या दोघांना 2001 साली कल्पना सुचली आणि 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिला ‘होमलेस वर्ल्ड कप’, म्हणजे बेघरांचा विश्वचषक झाला. बारसेसर 2006मध्ये केपटाऊनला जाऊन तो पाहून आले आणि 2007मध्ये कोपनहेगनला भारताचा संघ उतरला.

या स्पर्धेचे नियम जरा सविस्तर सांगायला हवेत, कारण संस्थेच्या पुढच्या वाटचालीवर त्यांची छाप आहे. मैदान अवघे 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयाच्या हॉलएवढे. एका बाजूला चौघे, त्यातला एक गोलरक्षक. डाव सात-सात मिनिटांचे. गोलरक्षकाने आपले क्षेत्र सोडायचे नाही आणि बाकीच्यांनी त्या क्षेत्रात पाय ठेवायचा नाही. खेळाडू किमान सोळा वर्षांचा हवा. बेघर असलेला, आश्रयार्थी असलेला, नशामुक्तीचे उपचार घेणारा, अशा माणसांसाठीच ही स्पर्धा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते.

संघ निवडणे त्यातल्या त्यात सोपे होते. पासपोर्ट काढणे महाकर्मकठीण. जन्म घरात झाला, नोंद झालीच नाही. शाळेचा दाखला आहे तर त्यावरचे आडनाव वेगळे. वस्तीला मालकी पट्टा नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. आणि सगळे जमले की पोलीस पडताळणीसाठी त्याच चौकीत जायचे, जिथे हा मुलगा आधी वेगळ्या कारणाने बसून आला आहे. एका कागदासाठी दहा हेलपाटे ही वस्तीतल्या माणसाची रोजची कथा आहे. विमानात बसण्याआधी या मुलांनी सरकार नावाच्या गोष्टीशी पहिल्यांदाच भांडण न करता व्यवहार केला, तेही एक प्रशिक्षणच म्हणायचे.

2010 साली रिओ दी जानेरोला गेलेल्या संघाचा कर्णधार हा असाच, वस्तीतल्या टोळीबाजीतून बाहेर आलेला तरुण होता. त्याची कहाणी पुढे देशभर गाजली. पण रिओहून परतल्यावर काय, हा प्रश्न त्याच्यापुढेही होता आणि संस्थेपुढेही. एकदाच खेळता येते, या नियमाने पुन्हा संघात घेण्याची वाट बंद केलेली. दोन आठवडे देशाचा टी-शर्ट घालून मिरवलेला मुलगा पुन्हा त्याच नाक्यावर येऊन उभा राहिला, तर आधीपेक्षा जास्त वेगाने घसरतो, हे कार्यकर्त्यांना कळून चुकले होते. त्यावर संस्थेने काढलेला तोडगा असा : परत आलेल्याने शिकवायचे. त्याच वस्तीत, आपल्याहून लहान पोरांना. माझ्या दृष्टीने या पंचवीस वर्षांतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

2011 ते 2020 : तिसरा डाव

स्पर्धा वर्षातून एकदा होते, मुलाची संध्याकाळ मात्र रोज येते. या दशकात संस्थेचे बळ स्पर्धेकडून रोजच्या सरावाकडे वळले आणि सरावाची पद्धतही बदलली.

त्या बदलाचा एक धागा थेट कोलंबियापर्यंत जातो. 1994च्या विश्वचषकात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्याकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला आणि मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच, 2 जुलैला, मेदेयीन शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या वेळी तिथे असलेल्या युर्गन ग्रीसबेक या जर्मन अभ्यासकाने टोळ्यांतल्या तरुणांसाठी ‘शांततेसाठी फुटबॉल’ सुरू केला. त्यात मुले-मुली एकत्र खेळत आणि मुलीने गोल केल्याखेरीज मुलांचा गोल धरला जात नसे. ग्रीसबेक यांनीच पुढे ‘स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड’ हे जगभरच्या अशा संस्थांचे जाळे विणले. नागपूरची संस्था त्या जाळ्यात सामील झाली आणि तीन डावांचा फुटबॉल आपल्याकडे आला.

सामन्याचे डाव दोन असतात, मग तिसरा कुठला? पहिल्या डावात चेंडू मैदानात येतच नाही. दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि आजचे नियम ठरवतात. दुसऱ्या डावात खेळ होतो, पण पंचाशिवाय. फाऊल झाला तर खेळाडूंनीच हात वर करून सांगायचे. तिसऱ्या डावात पुन्हा रिंगण करून बसायचे आणि ठरलेले कुणी किती पाळले यावर एकमेकांना गुण द्यायचे. जास्त गोल करणारा संघ या गुणांवर हरू शकतो. मध्यस्थ म्हणून एक मोठा मुलगा किंवा मुलगी असते, तिच्याकडे शिट्टी नसते.

ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिला डावच संपता संपत नाही. ‘पह्यला गोल पोरीचाच काऊन?’ इथून सुरुवात होते. मग एखादी मुलगी म्हणते, ‘तुम्ही पासच देत नाही ना, म्हणून.’ त्यावर दुसरा, ‘तिले पास देला तं ती सोडून देते.’ मध्यस्थ निर्णय देत नाही, फक्त विचारतो : मग काय करायचे? दहा मिनिटांनी काही तरी ठरते. शिवी दिली तर एक गुण वजा, पडलेल्याला हात द्यायचा, गोल झाला की समोरच्याच्या तोंडापाशी जाऊन नाचायचे नाही. ज्या मुलाच्या घरी आणि नाक्यावर वादाचा निकाल हाताने लागतो, त्याला रागात असताना तोंडाने बोलायला लावणे ही गोष्ट ड्रिबलिंगपेक्षा कितीतरी अवघड. आणि ड्रिबलिंगसारखीच ती रोजच्या सरावानेच येते. संस्थेला मिळालेली बक्षिसे आठवणाऱ्यांनी हा तिसरा डाव एकदा मैदानात बसून पाहावा.

याच काळात मैदानावर गणित आणि इंग्रजी शिकवणारा ‘एज्युकिक’ उपक्रम उभा राहिला, मुलींसाठी ‘शक्ती गर्ल्स’ सुरू झाले आणि कर्णबधिर मुलांसाठीही खेळाचे सत्र आले. मुलींचे काम सर्वांत कष्टाचे. मुलगा मैदानात गेला तर घरच्यांना सुटल्यासारखे वाटते, मुलगी गेली तर पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार आणि अर्ध्या चड्डीत धावणार म्हणजे काय, असे तीन प्रश्न एकदम येतात. घरोघर जाऊन, आयांना मैदानावर आणून बसवून ही कोंडी थोडी थोडी फुटली. पाळीबद्दल, शरीराबद्दल बोलण्याची जागा मुलींना मिळाली ती मैदानावरच. विश्वचषकालाही पुढे मुलींचा संघ जाऊ लागला.

बाहेरचे वारे मात्र उलट दिशेने वाहत होते. डिसेंबर 2012च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देश संतापला होता आणि आरोपींतला एक अल्पवयीन होता. बालन्यायाचा कायदा बदलला आणि जानेवारी 2016पासून सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, घृणास्पद गुन्ह्याच्या बाबतीत, प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट मोकळी झाली. तो संताप खोटा नव्हता आणि त्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे. पण सोळाव्या वर्षाच्या उंबऱ्यावरच्या मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ सरळ होता. चुकायला मिळणारी वर्षे कमी झाली.

मान्यताही याच दशकात आली. 2014मध्ये ‘सत्यमेव जयते’मधून संस्थेचे काम आणि रिओच्या कर्णधाराची गोष्ट घराघरांत पोचली. 2016 साली ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. कंपनी कायद्यातल्या नव्या तरतुदीमुळे 2014पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आले आणि निधीची दारे थोडी किलकिली झाली. त्याबरोबर अहवाल, तक्ते आणि ‘परिणाम मोजा’चा तगादाही आला. एखाद्या मुलाने चोरी केली नाही, हे कुठल्या रकान्यात भरायचे, ते अजून कुणाला नीट उमगलेले नाही.

2021 नंतर

कोरोनाने मैदानेच बंद केली. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि बाहेर पडायला बंदी, अशा दिवसांत ‘घरी सुरक्षित राहा’ हा सल्ला वस्तीत कसा ऐकू आला असेल याची कल्पना करावी. 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वर्षे बेघरांचा विश्वचषक झाला नाही. तो 2023मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला पुन्हा भरला. जिथे संधी आयुष्यात एकदाच मिळते, तिथे तीन वर्षे म्हणजे एक अख्खी फळी.

4 मार्च 2022 रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या विजय बोराडे यांच्यात लोकांनी बारसेसरांना पाहिले आणि नागपूरच्या वस्त्यांतल्या, कधीच कॅमेऱ्यासमोर न आलेल्या मुलांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले. सिनेमा उत्तमच आहे. फक्त सिनेमाला नायक लागतो आणि संस्थेला पाळ्या लावून येणारी माणसे लागतात, हा फरक प्रेक्षक विसरतात. ‘झुंड’नंतर कुतूहल वाढले, तसा गैरसमजही. आपला मुलगा इथून मोठा खेळाडू होईल का, अशी विचारणा आता होते. त्याला उत्तर असे की काही जण होतीलही. पण हा क्लब नव्हे. ज्याचा पाय चेंडूला लागत नाही, त्यालाही इथे उद्या यायला सांगतात.

आज काम नागपूरपुरते राहिलेले नाही, इतर राज्यांतही केंद्रे आहेत. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी सुरू केलेल्या ‘ऑस्कर फाउंडेशन’सारख्या संस्था याच वाटेने जात आहेत आणि ती वाट आता कुणा एकाची उरलेली नाही, हे बरेच झाले. शिकवणाऱ्यांत वस्तीतून आलेल्या मुला-मुलींचे प्रमाण वाढते आहे.

अडचण सर्वांत मोठी आहे ती जागेची. कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शने आणि सभा, यशवंत स्टेडियमवर हिवाळी अधिवेशनात मोर्चे, शाळांच्या मैदानांना कुलूप आणि वस्तीलगतच्या मोकळ्या जागेवर लग्नसराईत मांडव. संस्थेची स्वतःची जमीन आहे, पण रोज संध्याकाळी लहान मुले तिथवर येऊ शकत नाहीत. मैदान त्यांच्या घराशेजारीच हवे. त्यामुळे दर हंगामात जागेसाठी नव्याने खटपट करावी लागते. ती करायला जाणारा हल्ली बहुधा त्याच वस्तीतला जुना खेळाडू असतो. अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, नगरसेवकाला सकाळी गाठायचे की रात्री, आणि मंडपवाल्याला खांब कुठे रोवू द्यायचे नाहीत, हे त्याला शिकवावे लागत नाही.